‘तासभर गाडी नुसती उभी ठेवली’ या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब. रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की गाडी शिकाऊ पोराच्या हातात दिली, त्याने पहिला तासभर ती नुसती उभी ठेवली, वर तुमच्या अंगावर ओरडला, आणि फोनवर दीड हजार सांगून दुसऱ्या दिवशी ७,०२० रुपये घेतले. शनिवारी गाडी मिळणार नाही हे वेळेत फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं. वहिनींना आणि मुलांना घेऊन अंधारात वाईत लॉज शोधावा लागला, त्याबद्दल माफी मागतो.

पण त्या तासाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमची गाडी खंबाटकी घाट चढताना तापली. काटा लाल पट्टीत आणि बॉनेटमधून वाफ, अशा अवस्थेत ती आमच्याकडे आली. तेव्हा आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि तरी उकळत नसतं, कारण रेडिएटरची, म्हणजे ते पाणी गार करणाऱ्या जाळीची, कॅप ते दाबाखाली धरून ठेवते. तुमच्या कॅपवर ०.९ छापलंय, म्हणजे ०.९ बार दाब. तेवढ्या दाबात साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप फिरवली की दाब क्षणात जातो आणि पाणी वाफेसकट उसळून उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. वाफ जिरायच्या आत कुकरचं झाकण कुणी उघडत नाही, इथे तर कुकरपेक्षा जास्त पाणी असतं. तुम्ही रुमाल गुंडाळून कॅपला हात घातलात, तेव्हा पोरगा ओरडला. ओरडला हे खरं आहे. ‘साहेब, जरा थांबता का’ एवढं म्हणेपर्यंत उशीर झाला असता.

कॅप कधी उघडायची हे घड्याळ ठरवत नाही. वरचा होज, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप, मुठीत धरता आला पाहिजे आणि दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. त्याला पाऊण तास ते तास जातोच, उन्हात जास्त. गार पाण्याची बाटली ओतून मोकळे व्हा, असं तुम्ही सुचवलंत. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं की अल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू शकतं, कधी तडकतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा म्हणजे घासून सपाट करा, खालचं गॅस्केट (सील) बदला. ते बिल तुमच्या आताच्या बिलाच्या कितीतरी पट झालं असतं, आणि त्याचाही रिव्ह्यू आम्हालाच आला असता.

शिवाय त्या तासात पोरगा रिकामा नव्हता. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन केली आणि फॅन फिरतो का बघितलं, फिरत होता. ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दुधी झालं असतं तर हेड गॅस्केटचा संशय. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी, होजच्या क्लिपांशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्याशी पाणी वाळल्याचे डाग शोधले. यातल्या कशालाही कॅप उघडावी लागत नाही, म्हणून ही कामं आधी. हा क्रम मीच त्याला लावून दिलाय. नवा मेकॅनिक बिघडतो तो हात चालत नाही म्हणून नाही, आधी पान्हा आणि मग विचार केला म्हणून. हा पोरगा तसा नाही.

कॅप उघडल्यावर आत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, नव्हतंच. पिवळा गाळ होता. विचारल्यावर तुम्ही सांगितलंत की महिन्यापूर्वी रेडिएटर गळत होता, रस्त्यावरच्या एकाने हळद टाकून दिली आणि तेव्हापासून बोअरचं पाणी भरताय. हळदीने बारीक भोक बुजतं हे खरं, पण ती भोकापुरती थांबत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्या आतून अगदी अरुंद असतात, त्यांत ती बसते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्यावर चढतो. हे सकाळी फोनवरच कळलं असतं तर दीड हजाराचा आकडा मी सांगितला नसता. फोनवर तुम्ही म्हणालात, ‘थर्मोस्टॅट गेलाय, बदलायला किती?’ मी थर्मोस्टॅटचेच, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेचेच, सांगितले.

आता ‘अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेले’ हे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत दोऱ्याने टांगला, बुडाला टेकू न देता. त्यावर ८२ लिहिलंय, म्हणजे ८२ अंशांना उघडायला लागला पाहिजे. तो ९३ ला हलला आणि अर्ध्यातच अडकला. तुम्ही समोर उभे राहून बघितलंत. म्हणजे थर्मोस्टॅटबद्दल तुमचं बरोबर होतं, पण तेवढंच नव्हतं. थर्मोस्टॅट अडकलेला असताना रेडिएटरकडे पाणी पुरेसं जातच नाही, त्यामुळे हात लावून रेडिएटरची पारख होत नाही. नवा बसवून गाडी चालू ठेवली तेव्हा वरचा होज चटका देत होता, खालचा कोमट, आणि जाळीवर मधोमध गार पट्टे लागले. गार पट्टा म्हणजे तिथल्या नळ्या बंद. खात्रीसाठी रेडिएटर उतरवून वरून पाण्याचा पाइप लावला. वरून येतं तेवढंच खालून पडायला हवं; इथे धार पडत होती आणि वरून ओसंडत होतं.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाकला असता तर फुकटात झालं असतं’ असंही लिहिलंत. असं करणारे पुष्कळ आहेत. त्याने इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि तुमच्या गाडीत नळ्या बंदच राहिल्या असत्या. पुढे पसरणीच्या घाटात परत वाफ.

हेडचं काम निघत नाही हेही तपासलं. हातपंपाने ०.९ चा दाब भरून १५ मिनिटं ठेवला, काटा हलला नाही. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रावण धरलं. इंजिनाचा गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं होतं, ते निळंच राहिलं. या तपासणीचे पैसे बिलात नाहीत.

बिल इथेही लिहितो, चार लोक वाचतात म्हणून. रेडिएटर ३,१५०, थर्मोस्टॅट गॅस्केटसह ७८०, कॅप २४०, तयार कूलंट ५ लिटर १,०५०, फ्लशिंग आणि मजुरी १,८००. कूलंट ५ लिटर कशाला, तर गाळ निघेपर्यंत साध्या पाण्याने धुतलं आणि शेवटचा एक हात कूलंटचाच मारला.

आणि रात्रभर गाडी का ठेवली? नवीन कूलंट भरताना आत हवा अडकते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, सावकाश भरत, वरचा होज दाबत, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. तरी उरलेली हवा गाडी पूर्ण गार झाल्यावरच कळते, रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जाते. रविवारी सकाळी बोटभर उतरली होती, ती भरून मगच चावी दिली. संध्याकाळीच दिली असती तर बिलात फरक पडला नसता, आमचा त्रास वाचला असता. महाबळेश्वरच्या वाटेवर तुमचा वाढला असता.

हा हायवेवरचा धंदा आहे साहेब. लोक मोबाइलवर स्टार बघून गाडी वळवतात. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी फोन करून ‘पोरं शिकतात का तुमच्याकडे’ विचारलं. शिकतात. आयटीआय करून आलेल्यांनी कुठेतरी शिकायचंच. फोनवर अंदाज देण्याबाबत सुधारणा करतो आहोत.

जुना रेडिएटर डिकीत गोणपाटात गुंडाळून दिलाय, खालची टाकी उलटी करून बघा. महिनाभर दर आठवड्याला सकाळी, गाडी गार असताना, बाटलीची पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये आहे ना ते बघत जा. उतरलेली दिसली तर पाणी घालू नका, घेऊन या, मजुरी घेणार नाही. फक्त शनिवार-रविवार टाळा, गर्दी असते.