एअर रायफलच्या स्कोपमध्ये (नेम धरायच्या दुर्बिणीत) धुकं धरल्याच्या तक्रारीबद्दल

नमस्कार साहेब. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "वॉटरप्रूफ सांगून चायना माल गळ्यात मारला, पहिल्याच पावसात आत धुकं धरलं" असं तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, ते वाचून गप्प बसवेना.

स्कोपच्या नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात आणि काचांच्या कडेला रबरी ओ-रिंग असते. आत ओलावाच नाही तर धुकं धरणार कुठून? तुम्ही पीस आणलात तेव्हा काउंटरवर तुमच्यासमोरच भिंग धरून दाखवलं होतं. डोळा लावतो त्या बाजूच्या रिंगवर पक्कडीचे दात उमटलेत आणि ओ-रिंग एका जागी कापली जाऊन बाहेर आलीय. कंपनीत कोणी पक्कड लावत नाही. एसी गाडीतून स्कोप बाहेर काढला की आपल्या दमट हवेत काचेवर वाफ धरतेच, पण ती बाहेरून, आणि थोड्या वेळात जाते. ती आत आहे असं समजून कोणीतरी उघडला असणार. एकदा उघडला की गॅस गेला आणि चिपळूणची जुलैतली हवा आत. आयपीएक्स ७ हे वॉटरप्रूफचं रेटिंग, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पण ते सीलबंद पीसला. तुम्ही म्हणालात "मी हात लावला नाही". बरं, नसेल लावला.

झिरो, म्हणजे एकदा जुळवून ठेवलेला नेम, हलतो म्हणता, तर तुमची एअर रायफल स्प्रिंगची. ती आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते. साधे स्कोप त्यातच खिळखिळे होतात. म्हणून तर तुम्ही बोट दाखवलेला स्वस्तातला मी दिला नाही. दोनशे रुपये कमी केले तेही तुमच्याच आग्रहाने.

राहता राहिलं "उद्धट दुकानदार". दुकानात शाळेची पोरं उभी असताना तुम्ही मला चोर म्हणालात, ते रिव्ह्यूत आलं नाही. २०२१ च्या पुरात सगळा माल चिखलात गेला तेव्हासुद्धा गिऱ्हाइकांनी आगाऊ दिलेले पैसे आम्ही परत केलेत. वडिलांपासूनचं दुकान आहे. आता नवीन माणूस आधी ताराच बघतो.

वापराच्या सूचना मराठीत छापून बिलासोबत द्यायचं चाललंय, बघू. तुमचा पीस घेऊन या, कुरिअरचा खर्च आमचा, कंपनीकडे पाठवतो. उघडलेल्या पीसला वॉरंटी नाही हे बिलाच्या मागे आहे, त्यामुळे ते काय म्हणतील ते म्हणतील. सोमवारी दुकान बंद असतं.