‘चेहरा बघा, सावध राहा’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात ठिकाणांहून आला. आमच्या वाडीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, बागायतदारांचा ग्रुप, आणि शेवटी सख्ख्या मावशीकडून. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी मथितार्थ सांगते. कोकण पूर्वी निव्वळ आपल्याच माणसांचं होतं. आता बागांत आणि बोटींवर नेपाळी आणि तसल्याच ‘चपट्या नाकाचे’ लोक भरले आहेत. पोरं पळवणारे आणि घरं फोडणारे तेच, चेहऱ्यावरून ओळखू येतात. ते आपल्या मुलांच्या पोटावर पाय देतात. त्यांना खोली देणं बेकायदा आहे. आणि आपले चाकरमानी मुंबईला गेले, त्याची याच्याशी तुलना करू नका. खाली, दहा जणांना पाठवा.

मी रत्नागिरीत राहते. पावसच्या बाजूला सासऱ्यांनी लावलेली आंब्याची दीडशे कलमं आहेत. बागेत राखणीला नेपाळी जोडपं असतं. म्हणजे हा मेसेज ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं माझ्या पगारावर आहेत, आणि मी गप्प बसले तर तो मजकूर मला मान्य आहे असाच अर्थ होईल.

आधी ते ‘पूर्वी सगळे आपलेच होते’.

कुठल्या काळी? अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आलेल्या बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कथा तिकडच्या प्रत्येकाला पाठ आहे. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. रोहेकर, पेणकर, केहीमकर ही त्यांची आडनावं. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं प्रार्थनास्थळ आजही उभं आहे. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी मूळ आफ्रिकेतले, त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. जंजिऱ्याशी मराठ्यांचं हाडवैर होतं हे मला कुणी सांगायला नको, पण ते वैर दोन सत्तांचं होतं. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे. चौलला पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला. गोरा माणूस बघायला लोक घोळक्याने मागे फिरतात, असं त्याने लिहून ठेवलं. चौलच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज मुळाची बोली अजून घराघरात बोलतात.

आणि खुद्द रत्नागिरी! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. तो डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. पाहुणे आले की आपण त्यांना थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट दाखवतो. त्याच्या थोरल्या मुलीचं मन राजवाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर बसलं. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, इथेच तिने संसार केला, मराठीच बोलली. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या समाधीवर आले होते, तेव्हा आपल्या शहराला केवढा अभिमान वाटला! मेसेजमध्ये नाकाडोळ्यांचं जे वर्णन करून ‘सावधान’ लिहिलंय, साधारण तसाच चेहरा त्या राजकन्येचा होता. राजवाड्यातला तो चेहरा आपण कौतुकाने दाखवायचा आणि बोटीवरचा दिसला की पोराला पोटाशी धरायचं, हे मला पटत नाही.

बेने इस्रायलांचं आणखी सांगितलं पाहिजे, कारण ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. १९४८ नंतर त्यातले बरेच जण इस्रायलला गेले. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने शंका काढली की हे हिंदुस्थानातून आलेले लोक खरे ज्यू आहेत का, त्यांच्याशी लग्न लावायचं तर पूर्वजांची चौकशी करावी. आपले मराठी बोलणारे रोहेकर-पेणकर जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्यांना अलिबागने पिढ्यानपिढ्या एका घाण्यावरून आणि एका सुट्टीवरून ओळखलं आणि बिनघोर शेजार केला, त्यांना स्वतःला त्यांचाच म्हणवणाऱ्या देशात संशयाने बघितलं गेलं. ते वाचताना आपल्याला राग येतो. तो राग इथेही यायला हवा.

आता चेहऱ्याचा मुद्दा. त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मेसेज फिरायला लागल्यानंतर चौथ्या दिवशी एका शाळेच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीपाशी, तीन खलाशी तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, वाट बघत उभे होते. शाळा सुटायची वेळ. मी भाजी घेऊन येत होते. आठ-दहा जणांनी त्यांना घेरलं होतं आणि चार मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरले होते. ‘इथं काय करतोस? कुणाची पोरं बघतोस?’ त्यातला एक पोरगा विशीचा असेल, त्याने पाकिटातून आधार कार्ड काढून दिलं. आसाममधल्या गावाचा पत्ता होता. कार्ड हातोहात फिरलं. एकाने उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, ‘खोटं आहे, तोंड बघ ना त्याचं.’ सरकारी कागद हातात असताना त्याने तोंडावर विश्वास ठेवला. पोरगा घामाने थबथबला होता. आमच्याच गल्लीतल्या एक काकू त्या घोळक्यात होत्या, एरवी मांजराला दूध घालणाऱ्या. मी म्हटलं, ‘काकू, कार्ड दाखवलंय ना त्याने.’ त्या म्हणाल्या, ‘अगो, पण भीती वाटते.’ एवढ्यात तांडेल आला, ओरडला, गर्दी पांगली. तो पाच मिनिटं उशिरा आला असता तर काय झालं असतं, ते मला रात्रभर डोळ्यांसमोर दिसत राहिलं.

दिसायला कारण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे. महाराष्ट्रातलीच माणसं. त्या महिन्यांत देशभर जो मूल पळवण्याचा व्हिडिओ फिरत होता तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. त्यातला शेवटचा खुलासा कापून कुणीतरी तो सोडून दिला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं बंधन घालावं लागलं. आणि १६ एप्रिल २०२० ला आपल्याच किनारपट्टीच्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले गावात, दोन साधू आणि त्यांचा चालक, पोलीस समोर असताना मारले गेले. तिथेही चोर आणि पोरं पळवणारे आल्याची अफवा आधी फिरलेली होती. या आठ जणांत एकही नेपाळी नव्हता. अफवा एकदा सुटली की ती अनोळखी दिसणाऱ्या कुणालाही धरते.

उद्या माझा भाचा दापोलीच्या एखाद्या वाडीत रस्ता चुकला आणि कुणाच्या पोराला पत्ता विचारायला थांबला तर? हा मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातलं एक नाव घेऊन हे वाक्य स्वतःशी म्हणून बघावं.

नेपाळी माणसं गुन्हे करतच नाहीत असं मी म्हणत नाही. करतात, जसे आपले करतात. झालाच तर तो कुणी केला हे शोधायला पोलिसांना नाव, गाव, कागद, फोन नंबर लागतो. ‘नेपाळीसारखा दिसणारा’ या वर्णनात बंदरावरचे आणि बागांतले शेकडो जण बसतात, आणि ईशान्य भारतातून शिकायला आलेली पोरंही. त्या वर्णनाचं पुढे काय होतं ते दिल्लीने बघितलंय. जानेवारी २०१४ मध्ये लाजपत नगरच्या बाजारात अरुणाचलच्या एका कोवळ्या मुलाची केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि तो गेला. ईशान्येकडच्या लोकांच्या अशा तक्रारींसाठी केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. ‘चिंकी’ हा शब्द आपल्या नाक्यावरही सर्रास ऐकू येतो. तो शिवी आहे. मुलांना तसं स्पष्ट सांगा.

आणि नावाचाच विषय निघालाय तर माझी स्वतःची चूक लिहिते. आमच्या बागेत एक राखणदार सलग अकरा हंगाम आला. मोहोर धरायच्या आधी यायचा, तोडणी संपली की जायचा. आम्ही त्याला बहादूर म्हणायचो, त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणायचो. एका एप्रिलमध्ये तो रात्री वांदरं हाकलताना कातळावरून घसरला, पाय मोडला. आम्ही दोघं त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेलो. केसपेपरवाल्याने विचारलं, ‘नाव?’ मी म्हटलं, ‘बहादूर.’ ‘पूर्ण नाव?’ मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. वय? गाव? घरी कुणाला कळवायचं? एकाचंही उत्तर आमच्यापाशी नव्हतं. बागेतल्या प्रत्येक कलमाला आमच्याकडे नाव आहे. विहिरीवरचं, गडग्यातलं, आजीचं, वाकडं. कुठलं कलम कुठल्या साली धरलं नाही ते मला तोंडपाठ आहे. तो शेवटी स्ट्रेचरवरून, दात आवळून, स्वतःचं नाव स्वतः सांगू लागला. त्या नावात ‘बहादूर’ कुठेच नव्हतं.

मेसेज म्हणतो, हे लोक कोण कुठले काहीच माहीत नसतं. खरं आहे. कारण आपण विचारलेलंच नसतं. त्या वर्षीपासून राखणीला कुणीही आलं की पहिल्या दिवशी नाव, गाव, घरचा फोन वहीत लिहून घेते, ओळखपत्राची प्रत ठेवते, पोलीस ठाण्यात माहिती देते. सुरक्षिततेची खरोखर काळजी असेल तर हे करायला अर्धा दिवसही लागत नाही.

कामं हिसकावतात, हा तिसरा आरोप. डिसेंबरच्या थंडीत कातळावरच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, झोपायचं, दिवसा वांदरं आणि रात्री चोर, फवारणीचं पाणी वाहायचं, सहा-सात महिने बाग सोडायची नाही. किंवा मिरकरवाडा बंदरातून मासेमारीच्या ट्रॉलरवर जायचं, दिवसचे दिवस जमीन बघायची नाही, आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारीला बंदी लागली की हात रिकामे. आमच्या वाडीतले तरुण मुंबईत, पुण्यात, आखातात आहेत. राखणीला ये म्हणून मी स्वतः तिघांना विचारलंय, तिघांनीही हात जोडले. त्यांचा दोष नाही, कामच तसं आहे. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही मालक कागद न करता, कमी पैशांत, सुट्टी न देता माणसं राबवतात आणि त्यामुळे इथल्या मजुराचीही किंमत पडते. ही तक्रार रास्त आहे. फक्त ती मालकांकडे घेऊन जायची असते, म्हणजे माझ्यासारख्यांकडे.

खोली देणं बेकायदा असल्याचं धादांत खोटं आहे. आसाम, ओडिशा, झारखंडचा माणूस भारताचा नागरिक आहे, त्याला देशात कुठेही राहायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे. नेपाळी नागरिकांना १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे राहता, फिरता, काम करता येतं, जसं आपल्याला तिथे. भाडेकरार लेखी करा, नोंदवा, पोलिसांना कळवा. ते तर मराठी भाडेकरूच्या बाबतीतही करायचं असतं.

राहता राहिले चाकरमानी. तुलना करू नका म्हणे. आमच्या आजेसासऱ्यांची पिढी लालबाग-परळच्या गाळ्यांत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपायची. खानावळीत जेवायचं आणि गावी मनिऑर्डर करायची. त्या मनिऑर्डरवर अर्धं कोकण जगलं. ओळखीच्या माणसाने हात धरून गिरणीत लावला म्हणून ते तिथे टिकले. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला जागा नाकारली गेली, तो व्हिडिओ याच ग्रुपवर आला होता, आणि सगळ्यांचं रक्त उसळलं होतं. माझंही.

आणि २०२०? मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गावाने वेशीवर झाड आडवं टाकलं होतं. माझा सख्खा दीर, बायको आणि दोन मुलं, मुंबईहून आले तर गावात घेईनात. शाळेत चौदा दिवस काढले त्यांनी. जेवणाचा डबा पायरीवर ठेवून आम्ही मागे सरायचो. धाकटी पुतणी खिडकीतून विचारायची, ‘काकी, तू लांब का उभी?’ साथीच्या भीतीला निदान कारण होतं. पण ज्यांच्यासाठी आपण दर गणपतीला स्टेशनवर गाड्या घेऊन जातो, त्यांनाही आपण एका रात्रीत परके केलं होतं, हे तिच्या त्या प्रश्नाने मला कळलं. जाऊबाई अजून त्या शाळेवरून जाताना मान फिरवतात.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, ‘मला कुणी पाठवला ते आठवत पण नाही गो.’ तिने मेसेज काढून टाकला, आणि तिने ज्या चौघींना पाठवला होता त्यांनाही कळवते म्हणाली. वाडीच्या ग्रुपवर मी हेच लिहून टाकलंय. तिथे अजून दोघे भांडतायत, भांडू देत, मी उत्तर देत राहीन. आसामच्या त्या पोराचा शोध मी बंदरावर घेतला. बोट समुद्रात गेलीय, चार-पाच दिवसांनी येईल असं जेटीवरच्या माणसाने सांगितलं. त्याचं नाव मी विचारून ठेवलंय.