गडगा राखून शेजारधर्म कसा पाळावा

वाडीत तुमचं घर सगळ्यात मोठं, सातबाऱ्यावर 27 सहहिस्सेदार. मग शेजारधर्म युरोपीय संघाकडूनच शिका. 2004 पासून त्यांचं शेजार-धोरण चालू आहे: पूर्वेला युक्रेन, मोल्दोव्हा वगैरे सहा देश, दक्षिणेला मोरोक्कोपासून सीरियापर्यंत दहा.

गडगा चिऱ्याचा, पण कमरेएवढाच. त्यावरून हसता आलं पाहिजे. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदींनी 2002 मध्येच सूत्र दिलं होतं: संस्था सोडून सगळं शेजाऱ्यांना देऊ. म्हणून बावीचं पाणी न्या म्हणावं, पायवाट वापरा म्हणावं. सातबाऱ्याचा विषय निघालाच तर पानाचा डबा पुढे सरकवावा. फार आर्जवं केली तर पडवीत बसू द्यावं, मात्र 180 दिवसांत 90 दिवस, आणि इथं कामधंदा करायचा नाही. जॉर्जिया आणि युक्रेनला 2017 मध्ये मिळालेली व्हिसामाफी हीच.

मग प्रत्येकाच्या हातात कृती आराखडा ठेवावा. भावकीतले दावे मिटवा, हिशेब उघडे ठेवा, घरात सगळ्यांना बोलू द्या. जो जास्त सुधारेल त्याला जास्त, हा नियम 2011 चा. इथं एक अडचण येते. शेजारी विचारतो, "एवढं केल्यावर घरात घेणार काय?" त्यावर उत्तर नसलं की सुधारणा कागदावर राहतात. शिवाय ज्याच्याकडे गॅस आहे त्याला आराखडा दाखवायची सोय नसते. 2022 मध्ये अझरबैजानकडे संघ स्वतःच गॅस वाढवून मागायला गेला. आगरात रात्री माणसं शिरत असतील तर शेजाऱ्यालाच राखणीचे पैसे द्यावेत. 2023 मध्ये स्थलांतरितांना अडवण्यासाठी ट्युनिशियाला साडेदहा कोटी युरो कबूल केले. राखणदार आपल्या घरात कुणाला बडवतो, ते त्या दिवशी विचारू नये.

खाडीपलीकडचा दांडगा तुमच्या आराखड्यात बसायला तयार नसतो. रशियाने सुरुवातीलाच नकार दिला होता. तो कोयता घेऊन शेजाऱ्याच्या आगरात शिरला, की मात्र चपळाई दाखवावी. 18 वर्षं ओठांवर न आलेला सदस्यत्वाचा 'उमेदवार' हा शब्द युक्रेन आणि मोल्दोव्हाला फेब्रुवारी ते जून 2022 एवढ्यात मिळाला.

घाबरू नका, लगेच कोणी माजघरात येत नाही. सदस्यत्वाच्या वाटाघाटींची 35 प्रकरणं, सहा गटांत बांधलेली. प्रत्येक गट उघडायला 27 जणांचा होकार लागतो. एकाने हात आखडला तरी पुरे, हंगेरीने ते युक्रेनच्या बाबतीत करून दाखवलं. तुमचा मुंबईचा हिस्सेदार फोन उचलत नसेल तर उत्तमच. शेजाऱ्याला सांगा, फेरफार तलाठ्याकडे आहे, गणपती झाले की बघू.