तपासणीच्या खोलीत ती एकटी कधी असते?

ठाण्यात भाचीच्या गरोदरपणातील तपासण्यांना मी जवळजवळ दर वेळी तिच्यासोबत गेले. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, धनुर्वाताचे इंजेक्शन, सगळे वेळच्या वेळी झाले. मात्र त्या नऊ महिन्यांत एकदाही कुणी मला 'मावशी, जरा बाहेर बसता का?' असे म्हटले नाही. तिचा संसार सुखाचा आहे, म्हणून आमचे काही अडले नाही. पण माझ्या जागी घालूनपाडून बोलणारी सासू किंवा हात उगारणारा नवरा बसलेला असता, तर ती कुणाला काय सांगणार होती? लघवीच्या तपासणीची बाटली घेऊन जाई, तेवढीच काय ती एकटी असे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयोगटातील ३.१ टक्के स्त्रियांनी गरोदरपणी मारहाण झाल्याचे सांगितले. आकडा लहान वाटतो, परंतु दारात आलेल्या अनोळखी बाईला ज्या सांगू शकल्या, तेवढ्याच त्यात आल्या. शिवाय औषधाला पैसे न देणे, माहेरी फोन करू न देणे, मुलगाच हवा म्हणून रोज टोचणे, हे त्यात मोजलेलेच नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने मात्र मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. पोटावर मार बसला तर गर्भाशयातली वार (प्लॅसेंटा) सुटून रक्तस्राव होऊ शकतो, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मू शकते, आणि केसपेपरवर लिहिले जाते 'बाथरूममध्ये पाय घसरला'.

सोनोग्राफीपूर्वी किती मुले, मुलगे किती, मुली किती, हे सारे फॉर्मवर भरून घेतात. (ते आवश्यकच आहे.) मग 'घरी कुणाची भीती वाटते का?' हा प्रश्न एवढा अवघड का वाटावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच गर्भवतींच्या तपासणीत हे विचारण्याचा सल्ला दिला आहे, पण विचारणाऱ्याला प्रशिक्षण हवे, स्त्री एकटी हवी आणि पुढे मदतीची सोय हवी, या अटींवर. मुलुंड चेकनाक्यापलीकडे, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, महापालिका आणि 'सेहत' संस्थेने सुरू केलेले 'दिलासा' केंद्र दोन दशकांहून अधिक काळ हेच काम करीत आहे. त्यामुळे सरकारी रुग्णालयात हे जमत नाही, ही सबब मला पटत नाही.

हातात मदतीच्या माहितीचे पत्रक मात्र देऊ नये, कारण पर्स घरी तपासली जाते. महिला हेल्पलाइनचा १८१ हा तीन आकडी क्रमांक तोंडी सांगितला तरी लक्षात राहतो. आणि एकदा 'नाही' म्हणाली म्हणून विषय संपवू नये. पुढच्या खेपेला पुन्हा विचारावे, कारण पहिल्या भेटीत कुणी एवढे बोलत नाही.

भाचीची बाळंतपणानंतरची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी मी न सांगताच बाहेरच्या बाकावर बसणार आहे.