भाडोत्री म्हणे!

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर भाच्याने टाकलं, "परक्यांच्या यादवीत जाऊन लढणारे म्हणजे भाडोत्रीच की गं मावशी." विषय 1936 ते 39च्या स्पेनच्या यादवीचा निघाला होता, तिथल्या प्रजासत्ताकाच्या बाजूने जनरल फ्रँकोच्या बंडखोर फौजेशी लढायला परदेशातून गेलेल्या स्वयंसेवकांचा. माझ्या चहावर साय धरली, पण राग काही निवला नाही.

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे माद्रिदला होते, तेव्हा ती मला हारामा नदीच्या खोऱ्यात घेऊन गेली होती. मोराता दे ताहुन्या नावाचं गाव, ऑलिव्हची झाडं आणि एक टेकाड. अर्ध्यावरच गुडघे बोलू लागले म्हणून दगडावर बसले. कुत्रं फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मातीतून काहीतरी उचलून, अंगठ्याने पुसून माझ्या हातावर ठेवलं. काडतुसाची गंजलेली पुंगळी.

12 फेब्रुवारी 1937. याच भागात त्या स्वयंसेवकांची ब्रिटिश बटालियन पहिल्यांदा लढाईत उतरली. सुमारे 600 जण. खाणकामगार, गोदी कामगार, बेकार पोरं, दोनचार लिहिणारे. फ्रँकोची फौज माद्रिदचा वालेन्सियाकडचा रस्ता तोडायला आली होती. आणि आपल्या मशीनगनवाल्यांच्या हाती काय पडलं, तर भलत्याच मापाच्या गोळ्या! अर्धा दिवस तोफा-बंदुकांचा मार खात टेकडीवर पडून राहिले. संध्याकाळी निम्मेही उरले नव्हते. पैशासाठी आलेला माणूस तिथे दुपारपर्यंत तरी थांबेल का रे?

आणि गेले कसे, तेही ऐक. त्यांच्याच सरकारने परक्या फौजेत भरती व्हायला बंदी करणारा 1870चा जुना कायदा काढून तुरुंगाची धमकी दिली होती. मग पोरं पॅरिसचं शनिवार-रविवारचं तिकीट काढायची, त्याला पासपोर्ट लागत नसे. पुढे रात्री दोरीच्या तळव्यांच्या चपला घालून पिरेनीज पर्वत पायी पार करायचा. 500हून जास्त परत आले नाहीत.

हो, भरती कम्युनिस्टांनी केली, सूत्रं मॉस्कोकडे होती, आणि पळून जाऊ पाहणाऱ्यांशी बरं वागले नाहीत. मान्य. पण म्हणून त्या टेकडीवरचा पोरगा भाडोत्री होत नाही.

तर तो म्हातारा. त्याने लेकीला विचारलं, "आईचं इथे कोणी होतं का?" माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "आमच्या नागपूरचा एक होता." (या टेकडीवर नव्हता, तो नंतर आला. पण म्हाताऱ्याला कुठे तारखा सांगत बसू!) लेक माझ्याकडे बघतच राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं. तिथे खरी लाज वाटली मला, माझीच.

गोपाळ मुकुंद हुद्दार. 1929 साली रा. स्व. संघाचे पहिले सरकार्यवाह, म्हणजे सरचिटणीस, झाले ते हेच. पुढे बालाघाटच्या राजकीय दरोड्यात तुरुंगवास, मग पत्रकारिता शिकायला लंडन, आणि तिथून 'जॉन स्मिथ' नावाने थेट स्पेन. 1938च्या एप्रिलमध्ये गांदेसाजवळ फ्रँकोच्या हाती सापडले. बुर्गोसजवळच्या एका जुन्या मठात कैद्यांची छावणी होती, तिथे महिनोन् महिने काढले. सुटून परतले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. म्हणजे ज्यांचे आधी होते त्यांना त्यांचं पुढचं आयुष्य अडचणीचं, आणि ज्यांचे नंतर झाले त्यांना आधीचं. मग चौकात पाटी लावणार कोण? आपण डाव्या-पुरोगामी मंडळींनी तरी कितीदा नाव घेतलं, सांगा बरं.

भाच्याला तरी काय बोलू. नागपुरात जन्मला, वाढला, आणि हे नाव त्याच्या कानावर आलं नाही, तो काही एकट्या त्याचा दोष नाही. ती पुंगळी देवघराच्या फडताळात, माझ्या आईच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलीय. घरी आला की हातात देईन म्हणते.

हे सगळं आधी ग्रुपवर टाकलं होतं. आत्ता पाहिलं तर त्याने उत्तरादाखल अंगठा टाकलाय.

अंगठा!