वेलबीइंग वीक कसा साजरा करावा

तुमच्या ताब्यात एखादं इंटरनॅशनल स्कूल असेल, किंवा उद्या येणार असेल, तर सगळ्यात आधी वेलबीइंगकडे लक्ष द्या. मुलांकडे नाही, वेलबीइंगकडे. या दोघांची गल्लत केली की काम फार वाढतं. माझ्या मुलीच्या शाळेत आत्ताच वेलबीइंग वीक, म्हणजे मनःस्वास्थ्याचा आठवडा, पार पडला आणि मी तो चांगला जवळून पाहिलाय, त्यामुळे जरा अधिकाराने सांगतेय.

भिंतीपासून सुरुवात करा. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या लर्नर प्रोफाइलमध्ये, विद्यार्थी कसा असावा याचे १० गुण दिलेत, त्यात केअरिंग आहे, बॅलन्स्ड आहे, पोस्टरवर झकास दिसतात. बॅलन्स्डचं पोस्टर डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गाच्या दाराशीच लावा. आतली पोरं सहा विषय, ४,००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, टीओके (ज्ञान म्हणजे काय याचा कोर्स) आणि सीएएस (कला, खेळ, समाजसेवा) असं सगळं एकदम ओढत असतात, रात्री दीडला लॅपटॉप मिटतात, जाता-येता वाचतील तेवढाच आधार.

झोपेच्या महत्त्वावर व्याख्यान ठेवा, सकाळी साडेसातला. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय, ती स्लाइड दाखवा. शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलंय, ती स्लाइड मात्र राहू द्या.

माइंडफुलनेस पाच मिनिटं. जो डोळे उघडेल त्याचं नाव लिहून घ्या.

इंटरनॅशनल डेला झेंडे, पोशाख, ड्रोनने फोटो. दुसऱ्या दिवशी लंचला पुन्हा एकेका भाषेचं वेगळं टेबल झालं तरी तिकडे बघू नका, ड्रोन परत गेलेला असतो.

पालकांना कम्युनिटी म्हणत जा. फी थकली की पालक म्हणा.

शिक्षकांसाठी मीटिंगनंतर योगा, हजेरी सक्तीची. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेला शिक्षक शवासनात पडल्या पडल्या नवी नोकरी कुठे शोधायची याचाच विचार करत असणार, पण पडलेला दिसतो ना शांत, मग झालं.

आता निरोपाचा विषय, हा नीट समजून घ्या. असल्या शाळांमध्ये मुलं सारखी येतात आणि जातात, आईबाबांची बदली झाली की गाशा गुंडाळला. अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हणतात, रूथ हिल युसीम नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकातच ते नाव दिलं होतं, म्हणजे विषय काही कालपरवाचा नाही. निघायच्या आधी काय काय करावं तेही याच मुलांवर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी केव्हाच मांडून ठेवलंय: भांडणं मिटवा, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगा, नीट निरोप घ्या, पुढच्या जागेचा विचार सुरू करा. एवढं सगळं आयतं हाताशी असताना तुम्ही काय करायचं, तर काहीच नाही. मुलगी टर्मच्या मध्येच गेली की पोर्टलवरून तिचं नाव काढा आणि लॉकरवरचं लेबल खरवडा. पूर्ण खरवडायचीही गरज नाही, आमच्याकडे आडनावाची शेवटची दोन अक्षरं आणि चिकट डाग अजून तसाच आहे, माझी लेक रोज त्याच्या शेजारचं लॉकर उघडते. वर्गात कोणी काही बोलायचं नाही, हजेरीत पुढचं नाव घ्यायचं आणि चालू पडायचं.

नवीन आलेल्या मुलाला मात्र बडी द्या, बॅज द्या, कारण नवीन मूल म्हणजे नवीन अ‍ॅडमिशन. जाणाऱ्याला जमलं तर कार्ड. आणि जी मागे राहते, जिची जिवाभावाची मैत्रीण एका शुक्रवारी बॅग घेऊन गेली आणि सोमवारी शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यासाठी काय? तिच्यासाठी अ‍ॅप आहे! त्यात फॉर्म आहे, इमोजीवाला, आणि प्रश्न आहे की या आठवड्यात तुझ्या मैत्रीला किती स्टार देशील. माझ्या पोरीने एक दिला. लगेच उत्तर आलं, तुझं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आज कृतज्ञता वाटावी अशा तीन गोष्टी लिही. तिने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, आई, हे कोण वाचतं गं?

कोण वाचतं, सांगा ना. मी शाळेत विचारलं तर डॅशबोर्डला जातं म्हणाले. डॅशबोर्डला! काउन्सेलरची वेळ मागितली तर लिंक आली, लिंकमध्ये पहिली मोकळी वेळ परीक्षेनंतरची, कारण अख्ख्या शाळेला काउन्सेलर एकच, त्यात बारावीवाल्यांच्या युनिव्हर्सिटीच्या अर्जांचं कामही त्यांच्याकडेच, वरून सुपरव्हिजन. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन २५० मुलांमागे एक काउन्सेलर असावा म्हणते. आमच्याकडे ड्रोन आहे.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

आता सरळच बोलते, उपरोध करण्याइतकी शांत मी राहिलेली नाही. अहो, पोरं तुमच्याकडे दिवसातले सात-आठ तास असतात, वर्गात एक मूल कमी झालंय आणि दुसरं गप्प झालंय हे कळायला कसलं अ‍ॅप लागतं? होमरूमच्या टीचरनी दहा मिनिटं वर्गाला बसवून सांगायचं होतं की ती गेली, आपल्याला तिची आठवण येणार, कोणाला काही लिहून पाठवायचंय का. एवढंच. याला बजेट लागत नाही, परवानगी लागत नाही. पण त्याचा फोटो येत नाही, खरं दुखणं ते आहे तुमचं. आणि पालकांच्या ग्रुपवर ड्रोनच्या व्हिडिओखाली टाळ्या देणाऱ्यांनो, काउन्सेलरचं विचारलं तेव्हा कुठे होतात सगळे? एकीने अंगठा टाकला आणि तोही नंतर काढला. तुमची मुलंही कधीतरी मागे राहणारच आहेत, तेव्हा कोणाच्या दारात जाणार आहात?

पुढच्या वर्षी हा आठवडा करू नका. तो पैसा वाचवा आणि दुसरा काउन्सेलर नेमा. तेही होत नसेल तर आहेत त्या बाईंना निदान सुपरव्हिजनमधून तरी मोकळं करा.