‘जीपचा जीव घेतलात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जीप-दुरुस्तीच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. ती रागानं लिहिलेली आहे, पण जीपवर जीव असल्याशिवाय माणूस इतकं बारीकसारीक भांडत नाही. म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वर्षानुवर्षं बेवारस उभी असलेली विलीज सीजे-३बी जीप हाती लागली, तर ती एक तर कारखान्यातून निघाली तशी करायची, नाही तर तिला हात लावायचा नाही. मी सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं केलं, ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणारा) बदलला, सीटबेल्ट लावले, म्हणजे ‘जीपचा जीव घेतला’. उलट पोचे आणि विटलेला रंग तसाच ठेवला, इंजिन उघडलंसुद्धा नाही, हा ‘आळस’. आणि इतक्या जुन्या गाडीतून रोज फिरणं म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ. फिरायचंच असेल तर निदान फोर व्हील कायम लावून ठेवा, पकड तरी राहील.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो वाचून कुणी खरंच तसं केलं तर गाडीचं नुकसान होईल.

या जीपच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोन्ही एकाच वेगानं फिरणार. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर टायर जरासे घसरतात आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नसतो. मग सगळा ताण शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि गिअरच्या दातांवर साचत जातो. स्टिअरिंग जड होतं, आणि दांडा परत टू व्हीलला घ्यायला गेलं की तो जागचा हलत नाही. गाडी थोडी मागे घेतली तर बहुतेक वेळा सुटतो, पण तोवर आतल्या लोखंडानं सोसायचं ते सोसलेलं असतं. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. पावसात डांबरावर ही गाडी थांबते ती ब्रेक आणि टायरच्या जोरावर. फोर व्हील चिखलासाठी आहे, तिथेच वापरायचं.

आता वायरिंग. सहा व्होल्टची व्यवस्था वाईट नव्हती, हे मी मान्य करतो. जाड केबल, स्वच्छ जोड आणि चांगलं अर्थिंग असेल तर ती आजही काम देते. अडचण आहे ती गणिताची. दोन्ही हेडलाइट मिळून नव्वद वॅट धरले, तर सहा व्होल्टला पंधरा अँपिअर करंट लागतो, बारा व्होल्टला साडेसात. गंजलेल्या अर्थमुळे वाटेत समजा ०.१ ओहमचा अडथळा आला, तर पहिल्या व्यवस्थेत साधारण दीड व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे सहातला चौथा हिस्सा. दुसऱ्यात पाऊण व्होल्ट जातो, तोही बारातला. आणि व्होल्टेज पाव भागानं उतरलं की साध्या बल्बचा उजेड निम्म्याहूनही खाली येतो. वर्षातून काही वेळा दिवसाउजेडी बाहेर निघणाऱ्या गाडीला याचं काही नाही. रोज अंधार पडल्यावर घरी यायचं असेल, आडरस्त्यात गेलेला बल्ब जवळच्या कुठल्याही दुकानात मिळायला हवा असेल, तर बारा व्होल्टच. डॅशबोर्डवरचं पेट्रोल आणि तापमानाचं मीटर मूळचंच आहे. त्यांना आधी व्होल्टेज उतरवून दिलं आहे, थेट बारा दिले असते तर ती जळाली असती.

ब्रेकबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही.

मूळ व्यवस्थेत एकच मास्टर सिलिंडर आहे, तोही पायाखालच्या पत्र्याखाली चेसिसजवळ, चिखलपाण्याच्या वाटेवर. चारही चाकांना तेल जातं ते त्याच्या एकाच कप्प्यातून. कुठलाही एक पाइप फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचं (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याचं) रबर गेलं, की पेडल थेट खाली टेकतं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. उरतो हँडब्रेक. तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असलेल्या छोट्या ड्रमवर, म्हणजे आतून ब्रेकचे शू दाबतात त्या डब्यावर, आहे. मागचा शाफ्ट धरून तो गाडी थांबवतो. उभ्या गाडीसाठी ठीक, पण धावती गाडी थांबवायला त्याच्यावर विसंबता येत नाही. आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे तो उभी गाडीसुद्धा धरत नाही, गाडी जॅकवरून घसरू शकते. अशी गाडी असणाऱ्यांनी जॅक लावण्याआधी बाकीच्या चाकांना उटी लावल्याच पाहिजेत.

मी बसवलेला मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा आहे, पुढची चाकं एकावर आणि मागची दुसऱ्यावर. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. ड्रम मूळचेच नऊ इंची ठेवले; या वजनाला आणि मी ठेवतो त्या वेगाला ते पुरतात, फक्त अ‍ॅडजस्टमेंट वेळच्या वेळी करावी लागते. डिस्क ब्रेक बसवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. मला त्याची गरज दिसली नाही, म्हणून बसवले नाहीत.

पडून राहिलेल्या गाडीचे ब्रेक किती फसवे असतात ते एका उदाहरणावरून सांगतो. पुढच्या डाव्या चाकाचा रबरी होस वरून ठणठणीत होता, भेगसुद्धा नव्हती. पण ते चाक हातानं फिरवलं तर मोकळं फिरायचं, आणि पेडल दाबून सोडल्यावर जखडायचं. होस काढून ब्लेडनं उभा चिरला. आतलं रबर फुगून मधली वाट जवळजवळ बंद झालेली होती. पायाच्या जोरानं तेल त्यातून पुढे ढकललं जातं, पण परत येताना त्याला फक्त शूच्या स्प्रिंगचा जोर मिळतो, आणि तो पुरत नाही. ब्रेक लागलेलाच राहतो, ड्रम तापतो, गाडी एका बाजूला ओढते. शिवाय ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं. कोरड्या डॉट ३ (ब्रेकच्या तेलाची एक प्रत) तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर तापलेल्या ड्रमजवळ त्या तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल स्पंजासारखं होतं, गाडी थांबत नाही. म्हणून होस, पाइप, व्हील सिलिंडरची रबरं, तेल, सगळं नवं घातलं. यातलं एकही जुनं ‘मूळचं आहे’ म्हणून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

मागचे ड्रम काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मागच्या अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं आहे, हब त्यावर चावीनं (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यानं) घट्ट बसतो. हातोडीनं ठोकून काढायला गेलं तर बेअरिंगची वाट लागते. जाडजूड पुलरच (हब ओढून काढायचं अवजार) हवा, तो ताणून लावून ठेवायचा आणि धीर धरायचा. सुटताना मोठा आवाज होतो, तेव्हा समोर उभं राहू नये.

सीटबेल्टवर तुम्ही एका ओळीत टीका केली आहे. बेल्ट नुसते पत्र्याला बोल्ट मारून लावले असते तर तुमचं बरोबर ठरलं असतं. झटक्यात बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. माझे बेल्ट जिथे बांधले आहेत ती जागा चेसिसशी जोडलेली आहे, रोल बारचे (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या लोखंडी कमानीचे) पायही तिथेच उतरवले आहेत. उघड्या गाडीत रोल बारशिवाय नुसता बेल्ट घालू नये, कारण गाडी उलटली तर माणूस सीटलाच बांधलेला राहतो.

आता ‘आळसा’कडे येतो. मला मनापासून बोलायचं आहे ते याच्यावरच.

सीजे-३बी १९५३ मध्ये आली. बॉनेट उंच का, तर हरिकेन इंजिन उंच आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह (झडपा) वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्याआधीची सीजे-२ए १९४५ मध्ये बाजारात आली तीच शेतीच्या आणि ओझ्याच्या कामासाठी. या गाड्या कामाला जन्मल्या. माझ्या जीपच्या मागच्या फळक्याची वरची कड सामान चढवून-उतरवून गुळगुळीत झाली आहे. ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे बूट ठेवून आत चढतात, तिथला रंग पार पत्र्यापर्यंत उडाला आहे. डाव्या मडगार्डवरचा पोचा कुणी मागून आतल्या बाजूनं ठोकून बराचसा सरळ केला आहे. हातोडीचे छोटे गोल ठसे हात फिरवला की लागतात. मी यावर पुट्टी भरून, घासून, चकाकता रंग मारला असता तर फोटो छान आले असते. पण मग मी ती गाडी पावसात नेली नसती, मागे मातीची पोती टाकली नसती. आपण ज्याला ओरखडा पडेल म्हणून घाबरतो, ती वस्तू आपण वापरत नाही.

गंजाच्या बाबतीत मात्र काही तसंच ठेवलेलं नाही. तळाच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांत चिखल साठतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. वरून रंग दिसतो, खाली टोचणी सहज आरपार जाते. चेसिस मी छोट्या हातोडीनं इंच-इंच वाजवत गेलो. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. कमानपाट्यांच्या टेकूंजवळ आणि मागच्या आडव्या तुकड्यात आवाज बसलेला होता. तिथला खराब भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला आणि नवा वेल्ड केला. गंजावर पट्टी चढवून वरून काळा रंग मारणं हा मला खरा आळस वाटतो.

इंजिन उघडलं नाही कारण त्यानं उघडायचं कारण दिलं नाही. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला थेट सेल मारायचा नसतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, मुरू दिलं, मग बंपरमधून हँडल घालून हातानं फिरवलं. फिरलं. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडरांत फरक दहा टक्क्यांच्या आत होता आणि तेलाचा दाब टिकत होता. नीट झिजत आलेले भाग उगाच हलवले तर ते परत तसेच बसत नाहीत. कार्टर वायएफ कार्बोरेटर मात्र पूर्ण खोलला, आतला पडदा बदलला. जुनी रबरं इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाहीत. पेट्रोलच्या टाकीचं तर विचारूच नका. ती या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. अशा जागी गळकी टाकी मी एक दिवसही ठेवली नसती.

सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो टाळत नाही. या गाडीत एअरबॅग नाही, धडक झेलायला पुढे काही नाही, स्टिअरिंगचा दांडा छातीकडे रोखलेला आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे धूरही आजच्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जास्त घाणेरडा निघतो. म्हणून मी ती जवळच्या, संथ रस्त्यांवर चालवतो. महामार्गावर नेत नाही. शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो; या अ‍ॅक्सल रेशोला फार वेग मानवतही नाही. ‘रोज’ याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच. ज्याला रोज महामार्गावरून लांब जायचं आहे, त्याला मी ही गाडी घ्या असं कधीच सांगणार नाही.

मूळपणाची तुमची तळमळ मला कळते, म्हणून एक सांगतो. काढलेला डायनॅमो, रेग्युलेटर, सहा व्होल्टचा स्टार्टर, एका कप्प्याचा मास्टर सिलिंडर, सगळं ग्रीस लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवलं आहे. चेसिस दुरुस्त करताना मूळ नंबरला हात लावलेला नाही. पुढे कुणाला ती कारखान्यातल्यासारखी करायची असेल तर वायरिंग आणि ब्रेक परत मूळ जागी बसवता येतील. त्यासाठी कुठेही नवी भोकं पाडलेली नाहीत. फक्त रोल बारचे पाय वेल्ड केलेले आहेत, ते कापावे लागतील.

तुमच्याकडेही एक सीजे शेडमध्ये उभी आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ती सुरू करायच्या आधी ब्रेकचे चारही ड्रम खोलून बघा. बारा व्होल्टच्या वायरिंगची मी काढलेली आकृती हवी असेल तर इथेच सांगा, पुढच्या लेखात टाकतो.